खाल्लेलं अंगी लागू नये म्हणून

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आई-वडिलांच्याही आधी अक्काचं नाव घेतो. आई-वडिलांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. त्यांचंही तेच म्हणणं होतं. अक्का आमच्या नात्यातली नव्हती. पारोळ्याला किल्ल्यामागच्या गल्लीत तिचं घर होतं आणि गावापासून दोन कोसांवर शेती. त्या शेतीवर माझे वडील सालदार होते. अक्काला मूलबाळ नव्हतं. नवरा मी जन्मायच्या आधीच गेला होता. मी सातवी पास झालो तेव्हा ती बांधावर आली आणि वडिलांना म्हणाली, "पोऱ्याले मनाकडे धाड. हायस्कूलमा टाकू." पोराला माझ्याकडे पाठव, हायस्कुलात घालू. तेवढ्यावर माझं आयुष्य ठरलं. आमच्या घराण्यातला पहिला मॅट्रिक आणि पहिला पदवीधर मी झालो तो त्या एका वाक्यामुळे.

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे लिहायचं आहे ते घाणेरडं आहे. त्यात विष्ठा आहे, वास आहे आणि खोटं बोलणं आहे. मी विज्ञानाचा शिक्षक होतो. शरीराला नावं ठेवू नयेत असं मुलांना शिकवत आलो. पण माझ्या स्वतःच्या शरीराची मला जितकी किळस आली तितकी दुसऱ्या कशाचीच आली नाही, हे आज म्हातारपणी लपवण्यात अर्थ नाही.

अक्काच्या घरी मी पहिल्या दिवशी जेवायला बसलो ते मला नीट आठवतं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, उडदाची घोटलेली डाळ, हिरव्या मिरचीचा ठेचा, वर लोण्याचा गोळा. ताट वाढून झालं की अक्का ताटाकडे बघून म्हणायची, "आंगले लागो." खाल्लेलं अंगी लागू दे. प्रत्येक ताटाला. देवाला नैवेद्य दाखवताना म्हणावं तसं, न चुकता.

माझ्या आईने मला एकच शिस्त लावली होती: ताटात काही टाकायचं नाही. डाळीचा शेवटचा ठिपकासुद्धा बोटाने पुसून घ्यायचा. मी तसं केलं. अक्काने रिकाम्या ताटाकडे पाहिलं आणि आणखी एक भाकरी टाकली. मी ती खाल्ली, ताट पुसलं. तिने आणखी एक टाकली. तिसरी भाकरी खाताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण नको म्हणायची हिंमत झाली नाही. ज्या घराने आपल्याला शाळेत घातलं त्या घराच्या भाकरीला नको म्हणायचं कसं? तिलाही विचारावंसं वाटलं नसावं, कारण पोराला विचारून वाढणं तिला कंजूषपणा वाटायचा. असं आम्ही दोघं चार वर्षं एकमेकांसमोर गप्प बसलो, ती वाढत आणि मी पुसत.

त्याच वर्षांत मी तिला अक्षरं शिकवली. ती चुलीपुढे बसायची, मी पाटीवर काढून दाखवायचो. बाराखडी ती झपाट्याने शिकली. जोडाक्षरं आली तेव्हा मात्र तिने पाटी ढकलून दिली. "एकना मांडीवर दुसरं बठेल अक्षर माले नको. गोंधय शे बठ्ठा." सगळा गोंधळ आहे. मी म्हणालो, "अक्का, तुझ्या नावातच जोडाक्षर आहे." तिने 'अक्का' हा शब्द पाटीवर बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "हाई एक राहू दे." पुढे ती देवळावरच्या पाट्या, बाजारातल्या पोत्यांवरची नावं, काय दिसेल ते वाचायची आणि जोडाक्षर आलं की खड्ड्यावरून उडी मारावी तसं ते टाळून पुढे जायची.

मॅट्रिक झाल्यावर मी धुळ्याला कॉलेजात गेलो. अक्काने पारोळ्याहून डबा सुरू केला. सकाळच्या एस.टी.ने डबा यायचा, मी स्टँडवर जाऊन घ्यायचो, दुपारी घासून परतीच्या गाडीत द्यायचो. आधी दोन पुडांचा डबा होता. मी तो पूर्ण संपवायचो, कारण तिने पस्तीस किलोमीटरवरून पाठवलेलं टाकायचं कुठे? महिन्याभरात डबा तीन पुडांचा झाला. दुसऱ्या वर्षी चार पुडांचा. मला वाटायचं, अक्का किती प्रेम करते. आणि मी खात राहिलो.

बी.एस्सी. झालो, बी.एड. झालो, जळगावला एका हायस्कुलात लागलो. तोवर मी माझ्या वडिलांच्या दुप्पट झालो होतो. सुरुवातीला ते कुणाला खटकत नव्हतं. गरिबाघरचा मुलगा भरलेला दिसतो याचं लोकांना कौतुक असतं. पण ते कौतुक एका वजनापर्यंतच असतं. पुढे वर्गात मुलं मला 'पोतं' म्हणू लागली, हे मला फळ्याकडे पाठ करून लिहिताना ऐकू यायचं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात मांड्या घासून घासून सोलायच्या. पोटाच्या घडीखाली घाम साचून आंबूस वास यायचा. मी सकाळी तिथे पावडर लावायचो आणि संध्याकाळी त्या पावडरीची ओली, राखाडी लगदी बोटांनी काढायचो. ते बोट मी कितीतरी वेळा साबणाने धुवायचो. तरी वास यायचा.

मग दुष्काळाची दोन वर्षं आली. रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायका-माणसांच्या रांगा, त्यांना सुकडीचा सरकारी खाऊ वाटणारी मोटार, चारा नाही म्हणून सोडलेली जनावरं. शनिवारी मी अक्काकडे निघालो की गाडी त्या रांगांच्या कडेने जायची. एकदा एरंडोलच्या पुढे गाडी बंद पडली. आम्ही उतरलो. खडी फोडणाऱ्या एका म्हातारीने हातोडी खाली ठेवून माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. बोलला तो कंडक्टर. गाडीत परत चढताना मला मागून ढकलत तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गुरुजी, दुष्काळ जळगावच्या अलीकडेच थांबला वाटतं! तुमच्यापर्यंत आलाच नाही."

गाडी हसली. मीही हसलो. हसताना माझं पोट हललं, ते मला वरून दिसलं, आणि त्या क्षणी मला ते कुणीतरी माझ्या अंगावर टाकलेलं मेलेलं जनावर वाटलं.

त्याच हिवाळ्यात चित्रकलेच्या शिक्षकांनी मला धुळ्याच्या एका सर्जनबद्दल सांगितलं. ते परदेशात शिकून नुकतेच परतले होते आणि त्यांनी स्वतःचा दवाखाना काढला होता. मी गेलो. माणूस तरुण, हुशार, बोलायला गोड. त्यांच्या दवाखान्यातला वजनाचा काटा एकशे दहा किलोपर्यंतच होता. मी त्यावर उभा राहिलो तर काटा शेवटाला टेकून थरथरला. कंपाउंडर मला शेजारच्या धान्याच्या दुकानात घेऊन गेला. तिथे पोती मोजायचा लोखंडी काटा होता. दुकानाचे मारवाडी शेठजी गादीवरून उठून आले. चप्पल काढून मी काट्यावर चढलो. शेठजींनी वजनं सरकवली, आकडा पाहिला आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मास्तर, बारदान वजा करू का?"

पोत्यातला माल मोजताना रिकाम्या गोणपाटाचं वजन वजा करतात, त्याला बारदान म्हणतात. हमाल हसले. कंपाउंडर तोंड फिरवून हसला. एकशे अठरा किलो.

सर्जनने कागदावर आतडं काढून दाखवलं. तसं मी फळ्यावर शेकडो वेळा काढलं होतं. "वीस-एक फूट असतं," ते म्हणाले. "यातलं बरंचसं मी रस्त्यातून वगळतो. कापून टाकत नाही. गावाबाहेरून वळणरस्ता काढतात ना, तसं. अन्न थोडं आतडं ओलांडून सरळ पुढे जाईल. तिकडे ही ऑपरेशनं पुष्कळ झाली. आपल्याकडे माझ्या हाताने तुमचं पहिलं."

"मग मी खायचं काय?"

"काहीही खा, मास्तर. हवं ते, हवं तितकं. खाल्लेलं अंगी लागणारच नाही."

हे वाक्य मला त्या दिवशी अमृतासारखं लागलं. म्हणजे अक्काचं ताट मी पुसू शकणार होतो, तिची भाकरी नाकारायची वेळ येणार नव्हती, आणि तरीही बारीक होणार होतो. कृतज्ञता आणि लाज दोन्ही एका कापाकापीत सांभाळता येतील, असा मी हिशेब मांडला. शिकलेल्या माणसाचा मूर्खपणा फार व्यवस्थित असतो.

अक्काला मी सांगितलं की अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे, इन्फेक्शन झालं आहे, पण चिंताजनक नाही. तीन वाक्यांत तीन मोठे शब्द घातले. तिने ते ऐकून मान डोलावली. काय कळलं असेल कुणास ठाऊक.

ऑपरेशनबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. शुद्धीवर आलो तेव्हा तोंडात लोखंडाची चव होती आणि नाकातून नळी घातलेली. दोन पलंग सोडून एक माणूस ओकत होता आणि त्याचा आवाज माझ्याच पोटातून येतो आहे असं मला वाटत राहिलं. टाके काढले त्या दिवशी जखमेच्या एका टोकातून पिवळं पाणी आलं. नर्सने ते कापसाने टिपून मला दाखवलं, "काही नाही, चरबी वितळून येते." पातेल्याच्या कडेला गोठलेलं तूप ऊन लागून ओघळावं तसं ते दिसत होतं. त्यानंतर कित्येक दिवस मला तूप खाता आलं नाही.

पण बारीक मी झालो. पहिल्या तीन महिन्यांत शर्ट तीनदा अल्टर केले. शाळेत लोक अभिनंदन करायचे. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, निश्चय असावा तर असा." मी कुठलाच निश्चय केला नव्हता. मी फक्त झोपलो होतो आणि कुणीतरी मला उघडून परत शिवलं होतं. पण मी ते अभिनंदन घेतलं.

आणि रोज दिवसातून आठ, दहा, बारा वेळा टमरेल घेऊन धावलो. मी राहत होतो त्या चाळीत दहा खोल्यांना दोन संडास होते. पहाटेपासून रांग. मी रांगेत उभा राहू शकायचो नाही. सुरुवातीला लोक 'जा सर, जा' म्हणायचे. मग बोलेनासे झाले. मी बाहेर आलो की पुढचा माणूस आत जाताना थबकायचा, परत मागे यायचा आणि बादलीभर पाणी आणायला जायचा. वास साध्या विष्ठेचा नव्हता. कुजलेल्या अंड्यावर कुणी रॉकेल ओतावं तसा काहीतरी. खोलीचं दार बंद केलं तरी तो माझ्याबरोबर आत यायचा. ढेकर आला की तोंडातही तोच. शेजारच्या बाई एकदा नळावर दुसरीला म्हणाल्या, "सरांच्या पोटात काहीतरी मेलंय गं." त्या चुकीचं बोलत नव्हत्या. वगळलेलं पंधरा-सोळा फूट आतडं माझ्या पोटात तसंच पडलं होतं, आंधळ्या गल्लीसारखं, आणि त्यात काय साचतं आणि काय सडतं याचा विचार मला रात्रंदिवस यायचा.

सर्जनना विचारलं. ते म्हणाले, "हळूहळू बसेल."

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. मला अक्काच्या घरी जायलाच हवं होतं. चार महिन्यांत मी तिला भेटलो नव्हतो. गाडीत बसायची भीती म्हणून आदल्या दिवसापासून उपाशी राहिलो आणि गेलो.

अक्का मला ओसरीवर पाहून थांबली. "दख रे माय! कसा वाळी गया तू. कोन्ही दिष्ट लागनी?" तिने माझ्या दंडाला हात लावला. कातडी लोंबत होती. तिने हात मागे घेतला नाही, पण बोटं थबकली ते मला कळलं.

तिने खापरावरचे मांडे केले होते आणि आंब्याचा रस. ताट वाढून म्हणाली, "आंगले लागो." मी पहिला घास घेतला आणि पोटात ओळखीची कळ सुरू झाली. मला पुढे जाता येईना. अर्धा मांडा कसाबसा संपवला आणि उरलेला तुकडा ताटाच्या कडेला सारून हात थांबवला. लाजेने मान खाली घातली. आता ती काय म्हणेल?

अक्का हसली. तिचा चेहरा असा उजळला की मला काही कळेना. "इतला वरीसमा आज पयलांदा तुनं पोट भरनं!"

"म्हणजे?"

"आमना घरमा ज्यानं पोट भरनं तो कडले तुकडा ठेवस. तुकडा दखा का मंग वाढानं नही." पोट भरलं की कडेला तुकडा ठेवायचा, तुकडा दिसला की वाढायचं नाही. हीच त्या घरची रीत. "तू त कधीच ठेवं नही. ताट पुशीसन बसस. डबाबी धुई-पुशीसन धाडस. मी म्हनू, पोऱ्या उपाशी शे. आनखी धाड, आनखी धाड."

दोन पुडं, तीन पुडं, चार पुडं. ती धुळ्याहून परत आलेल्या चकचकीत डब्यात माझी भूक वाचत होती, आणि मी भरलेल्या डब्यात तिचं प्रेम वाचत होतो. एका भाकरीच्या तुकड्याने सुटला असता असा गैरसमज मी सुरीने सोडवून आलो होतो.

मला हे तिला तिथेच सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण पोटाने वाट पाहिली नाही. मी उठून परसाकडे धावलो आणि अंगणाच्या मधोमध, शेणाने सारवलेल्या, आखाजीची रांगोळी काढलेल्या अंगणात, नवी टेरिलीनची पँट घातलेल्या माझ्यातून सगळं वाहून गेलं. शेजारच्या लेकी निंबाच्या झोक्यावर गात होत्या. गाणं एका ओळीत अर्धवट थांबलं. एकीने पदर नाकाला लावला, मग सगळ्यांनी. झोका आपोआप हलत राहिला.

अक्काने पदर लावला नाही. तिने चुलीतली राख आणली, त्यावर टाकली, मला हौदाशी नेलं आणि माझ्या अंगावर तांब्याने पाणी ओतू लागली, तिशीच्या माणसाच्या, जसं तेराव्या वर्षी ताप आल्यावर ओतलं होतं. मग तिने विचारलं, "तुले काय जयं शे? खरं सांग."

मी म्हणालो, "काही नही, अक्का. गाडीतलं पानी बाधनं."

तिने तांब्या खाली ठेवला. "बरं," एवढंच म्हणाली. तिला ते पटलं नव्हतं, आणि मला तिचा तो 'बरं' ऐकवत नव्हता. मी संध्याकाळच्या गाडीने परत आलो आणि पुन्हा गेलो नाही.

दिवाळीत तिने जळगावच्या स्टँडवर डबा पाठवला. मला निरोप मिळाला. मी गेलो नाही. तीन दिवसांनी लाज वाटून आणायला गेलो तर झाकण उघडताच आंबलेल्या पुरणाची फेसाळ लाट वर आली. त्या वासात आणि माझ्या वासात फरक नव्हता. मी डबा गटारात उपडा केला, राखेने घासून चकचकीत केला आणि परत पाठवला. सवयीने. पुढच्या आठवड्यात आणखी मोठा डबा आला.

तेव्हा मला स्वतःची जी किळस आली ती वजनाच्या काट्यावर आली नव्हती आणि अंगणातही आली नव्हती.

थंडी सरता सरता केस हातात येऊ लागले. पाय सुजले, बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. चित्रकलेच्या शिक्षकांनी एकदा मला खिडकीपाशी नेलं, रंग बघतात तसं बारकाईने माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाले, "सर, पांढऱ्याचा हळदी झालाय. धुळ्याला जा."

सर्जनचा चेहरा यावेळी तरुण दिसत नव्हता. त्यांनी माझं यकृत दाबून पाहिलं, रक्त तपासलं आणि दार लावून घेतलं. "तिकडून पत्रं येताहेत," ते म्हणाले. "काही जणांचं यकृत गेलं. मी तुम्हाला सांगायला हवं होतं की मला सगळं माहीत नाही. आतडं पुन्हा पहिल्यासारखं जोडावं लागेल."

"आणि वजन?"

"येईल परत. बहुतेक सगळं."

"आणि नाही जोडलं तर?"

त्यांनी रक्ताच्या तपासणीचा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "जोडायचं तरी आत्ता नाही जमणार. अंगात काही उरलेलं नाही, भूल सोसणार नाही. दोन महिने कुणीतरी समोर बसून खाऊ घालायला हवं. दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं, मोजून. तुमच्या घरी कोण आहे?"

मी सांगितलं, कुणी नाही. आई-वडील तोवर गेले होते.

आठ दिवस मी काहीच ठरवलं नाही. खरं सांगायचं तर मरणापेक्षा मला त्या पोटाची जास्त भीती वाटत होती. कंडक्टर, शेठजी, घडीखालची ओली पावडर, सगळं परत येणार होतं. मग एका दुपारी नववीच्या वर्गात पचनसंस्था आली. मी फळ्यावर अन्ननलिका काढली, जठर काढलं आणि लहान आतड्याची वेटोळी काढायला लागलो. अर्ध्यावर हात दुखून खडू थांबला. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, एवढं लांब कशाला असतं ते?"

पुस्तकात 'शोषण' असा शब्द आहे. तो मला आठवेना. मी म्हणालो, "खाल्लेलं अंगी लागावं म्हणून."

आणि फळ्याकडे तोंड करून तसाच उभा राहिलो. मुलांनी वह्यांत ते वाक्य उतरवून घेतल्याचा आवाज येत होता.

शाळा सुटल्यावर मी स्टाफरूममध्ये बसून अक्काला चिठ्ठी लिहिली. दुसऱ्याने वाचून दाखवावी अशी ती नव्हती, म्हणून अक्षरं मोठी काढली आणि जोडाक्षर एकही येऊ दिलं नाही, तिला येणारं एक सोडून. लिहिताना कळलं की अपेंडिक्स आणि इन्फेक्शन हे माझं पहिलं खोटं असं लिहिताच येत नव्हतं. अक्का गेली तेव्हा ती चिठ्ठी तिच्या पत्र्याच्या पेटीत सापडली, घडीवर फाटलेली. आज मी पुन्हा एकशे दहाच्या वर आहे. चिठ्ठी अशी आहे:

*अक्का,*

*ही चिठी तू एकटी वाच. कोणाला वाचायला देऊ नको. मी हळूहळू लिहितो, तू हळूहळू वाच.*

*मी तुला खोटं बोललो. मला आजार झालेला नाही. पोट कापून घेतलं ते मी आपण होऊन. मी फार जाड झालो होतो. लोक हसत होते. मला माझीच घाण वाटत होती. डागदर बोलले, आतडं आखूड केलं की खा हवं ते, अंगी लागणार नाही. मला ते गोड वाटलं. तू रोज ताट वाढताना काय बोलतेस ते मला तिथे आठवलं नाही.*

*आता काहीच अंगी लागत नाही. जे खातो ते वाहून जातं. आखाजीला अंगणात जे झालं, ते पाणी बाधून झालं असं मी बोललो. ते खोटं. ते रोज होतं. केस गळाले. पाय सुजले. डोळे पिवळे झाले. माझा मलाच वास येतो. मी आलो नाही ते तुला तो वास येऊ नये इतकंच मनात होतं. राग नाही. तुझं जेवण मला नको झालं असं नाही.*

*दिवाळीचा डबा मी वेळेवर आणला नाही. तो नासला. मी तो गटारात ओतला आणि डबा घासून तुला पाठवला. तू समजलीस, पोर उपाशी आहे. मग मोठा डबा पाठवलास. तोही मी ओतला. बाकी सगळं लिहायला सोपं गेलं, हे एक अवघड गेलं.*

*डागदर बोलतात, आतडं होतं तसं परत जोडून देतो. पण आधी अंगात ताकद हवी. ताकद नसेल तर भूल दिली की मी उठणार नाही. दोन महिने कोणी तरी रोज सहा वेळा समोर बसून थोडं थोडं खायला घालायला हवं. मऊ भात, ताक, दही, मुगाचं वरण. असं कोणी मला एकच माहीत आहे.*

*मी येऊ का? परसातली गवताची खोली दे. घाण माझी मी साफ करीन, तू हात लावू नको. वास येईल. नाकाला पदर लाव, मला वाईट वाटणार नाही. बरा झालो की मी परत जाड होईन, डागदर तसंच बोलले. लोक परत हसतील. हसू देत.*

*आणि एक. तुझे घरची खूण मला इतकी वरीस कोणी सांगितली नाही. मी ताट पुसून खायचो, कारण आई तसं सांगायची. आता खूण माहीत झाली. पोट भरलं की कडेला तुकडा ठेवीन. तुकडा दिसला की वाढू नको. दिसला नाही तर वाढ.*

*येऊ नको असं असेल तर काही पाठवू नको. ये असं असेल तर सकाळचे गाडीला डबा पाठव. रिकामा पाठव. मी तो घेऊन येतो.*